'ब्लॉक' हा शब्द आणि त्याचे अध्यापन



फळ्याच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूस एक मराठी प्रतिशब्द, ही पद्धत प्राथमिक शाळांतून रूढ आहे. 'कॅट' म्हणजे मांजर, 'ट्री' म्हणजे झाड, एवढ्यापुरती ती निर्वेधपणे चालते. 'ब्लॉक'सारखा शब्द आला की मात्र ती लंगडी पडते. गंमत अशी की, ठाणे जिल्ह्यातील मुलाने हा शब्द पुस्तकात पाहण्यापूर्वीच अनेकदा ऐकलेला असतो. रविवारी मध्य रेल्वेवर 'मेगाब्लॉक' असतो. डोंबिवलीस राहणाऱ्या मामाचा 'ब्लॉक' दुसऱ्या मजल्यावर असतो. दहावीस बसलेल्या ताईला परीक्षेच्या दिवशी आपला 'ब्लॉक' शोधावा लागतो. कल्याणच्या पदपथावर 'पेव्हर ब्लॉक' बसविलेले असतात. अशा मुलास "ब्लॉक म्हणजे ठोकळा" एवढेच सांगितले, तर त्याच्यापुढे पेच उभा राहतो. मामा ठोकळ्यात कसा राहील? मूल बहुधा हा प्रश्न विचारीत नाही. इंग्रजी हा विषय समजून घ्यावयाचा नसून पाठ करावयाचा असतो, असा निष्कर्ष ते मनाशी काढते, आणि खरे नुकसान तेथेच होते.

वस्तुतः या सर्व अर्थांचे मूळ एकच आहे. जुन्या फ्रेंच व डच भाषांतून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा आरंभीचा अर्थ झाडाचा बुंधा, लाकडाचा ओंडका असा होता. ओंडक्याचे दोन गुण ध्यानात घ्यावेत. तो एकसंध असतो. आणि वाटेत पडला तर वाट अडवितो. पहिल्या गुणातून 'एकत्र धरलेला भाग' हा अर्थ निघाला, दुसऱ्यातून 'अडथळा' हा अर्थ निघाला. पुढील सारा पसारा या दोन फांद्यांवरचाच आहे.

पहिल्या फांदीचे उदाहरण शिक्षकांच्या अगदी परिचयाचे आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा अनेक गावे मिळून जो एक घटक ठरविला, त्यास इंग्रजीत 'ब्लॉक' म्हटले गेले. मराठीने त्यासाठी 'गट' हा सुटसुटीत शब्द घेतला. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या आणि हा गट ग्रामीण कारभाराचा कणा झाला. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ येथील गटशिक्षणाधिकारी हे इंग्रजीत 'ब्लॉक एज्युकेशन ऑफिसर' होत, ते यामुळेच. परीक्षेचा ब्लॉकही असाच. ठराविक परीक्षार्थींचा गट ज्या खोलीत बसतो, ती खोली.

दुसऱ्या फांदीसाठी मुरबाडच्या शिक्षकांना दूर जावयास नको. पावसाळ्यात माळशेज घाटात दरड कोसळते व रस्ता 'ब्लॉक' होतो. येथे शब्द क्रियापदाचे काम करतो, हे मुलांस आवर्जून दाखवावे.

रेल्वेत तर दोन्ही फांद्या एकत्र येतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी गाडी धावली आणि १८५४ साली लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. रेल्वेच्या परिभाषेत मार्गाचे जे भाग पाडतात, त्या प्रत्येक भागास 'ब्लॉक सेक्शन' म्हणतात. एका भागात एक गाडी असेतो दुसरीस आत सोडावयाचे नाही, हे त्यातील मूळ तत्त्व. दुरुस्तीसाठी मार्ग काही काळ बंद ठेवणे हाही 'ब्लॉक'च. त्यास मोठेपणा दाखविणारे 'मेगा' हे ग्रीक उपपद लागले. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ठाणे स्थानकातील पाचव्या फलाटाची रुंदी वाढविण्यासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेण्यात आला होता. त्या कामात काँक्रीटचे तयार ब्लॉक बसविण्यात आले. ब्लॉक बसविण्यासाठी ब्लॉक! वर्गात हे एक वाक्य सांगितले तरी मुले हसतील, आणि दोन्ही अर्थ त्यांच्या ध्यानी राहतील.

आता डोंबिवलीचा ब्लॉक. इंग्रजांच्या देशात 'ब्लॉक ऑफ फ्लॅट्स' म्हणजे संपूर्ण इमारत. मुंबईकडील मराठी माणसाने मात्र इमारतीतील एका स्वतंत्र बिऱ्हाडास ब्लॉक म्हटले. चाळीतील खोलीहून तो वेगळा, कारण न्हाणीघर व शौचकूप घरातच. मुलाने उत्तरपत्रिकेत मामाच्या एका घरास उद्देशून 'ब्लॉक' लिहिले, तर गुरुजींनी त्यावर लाल रेघ ओढावी काय? ओढू नये. मुलाने शब्द चुकविलेला नाही. आपल्या भागातील अर्थाने तो वापरला आहे. शेजारी 'फ्लॅट' असे लिहून, इंग्रजी पुस्तकात ब्लॉक म्हणजे सगळी इमारत, हे तोंडी समजावून द्यावे. गुण कापण्याचे कारण नाही.

शिकविताना अर्थांची यादी उतरवून देण्याचा मोह टाळावा. यादीची घोकंपट्टीच होते. त्यापेक्षा मुलांनाच विचारावे, "हा शब्द तुम्ही कोठे ऐकला?" उत्तरे फळ्यावर घ्यावीत आणि कोणते उत्तर कोणत्या फांदीवर बसते ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. 'मोबाईलवर नंबर ब्लॉक केला' हे उत्तर हमखास येईल. तो अडविण्याचाच अर्थ. अंगणवाडीतील रंगीत ठोकळे जवळ असतील तर ते टेबलावर ठेवावेत. एखादे उत्तर कोठेच बसले नाही, तर त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवून दुसऱ्या दिवशी शब्दकोश पाहावा.

उच्चाराकडेही लक्ष हवे. 'ब्लॉक' व 'ब्लॅक' यांत पुष्कळ मुले गफलत करतात. देवनागरीतील दोन चिन्हे शेजारी लिहून दाखविल्यास ती लवकर दूर होते. आणि बँकेचा वा शिष्यवृत्तीचा अर्ज 'ब्लॉक लेटर्स'मध्ये भरावयास सांगितलेले असते, तेव्हा अक्षरे जोडून न लिहिता मोठ्या लिपीत सुटी लिहावयाची असतात, हे पाचवीपासूनच्या मुलांकडून प्रत्यक्ष स्वतःचे नाव लिहवून घ्यावे. घरी आईवडिलांचे अर्ज पुष्कळदा तीच भरून देतात.