सूर्यनारायणाचा नंदादीप

(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मीरा-भाईंदरच्या लोकांना सूर्याची महती नव्याने सांगावयास नको. येथल्या मिठागरांत खाडीचे पाणी कोंडून उन्हावर मीठ पिकविले गेले आणि त्यावर कित्येकांच्या चुली पेटल्या. परंतु मीठ पिकले की काम संपत नसे. पावसाळ्यापूर्वी त्याची रास करून ती झाकावी लागे; नाहीतर पहिल्याच सरीत सारे श्रम वाहून जात.

सौर विजेचेही तसेच आहे. पॅनेल दिवसा वीज देते. रात्रीसाठी ती बॅटरीत साठवावी लागते. मुंबईच्या नजरेच्या टप्प्यातील घारापुरी बेटावर समुद्रातून केबल टाकून वीज पोचली, ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. मग सातपुड्याच्या कडेकपारीतील पाड्यांची काय कथा? तार नेणे जेथे कठीण, अशा घरांसाठी २०१७ च्या सौभाग्य योजनेत २०० ते ३०० वॅटचे पॅनेल, बॅटरी, पाच दिवे व एक पंखा देण्याची तरतूद झाली. गुजरातेत मोढेरा या सूर्यमंदिराच्या गावी तर सूर्य मावळल्यावरही त्याचीच वीज मिळावी म्हणून १५ मेगावॅट-तासांची बॅटरी बसविली गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ते सौरग्राम म्हणून जाहीर झाले.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. पॅनेल सुमारे पंचवीस वर्षे टिकते. शिसे-आम्लाची साधी बॅटरी चार-पाच वर्षांतच थकते. सौभाग्यातील देखभालीची तरतूदही पाच वर्षांचीच होती. पुढे बॅटरी कोणी बदलायची, पैसा कोठून आणायचा, हे ठरले नसेल तर छपरावर पॅनेल चमकत राहते आणि खाली पुन्हा रॉकेलची चिमणी पेटते.

पूर्वजांना हे कळत होते. नंदादीप लावणारा नुसती समई देऊन थांबत नसे. तेलाची सोय म्हणून जमीन वा ठेव लावून देई. दुर्गम पाड्याला दिवा देऊ इच्छिणाऱ्या दात्यानेही देणगीचे दोन भाग करावेत: एक यंत्राचा, दुसरा नव्या बॅटरीच्या ठेवीचा. पाड्यातल्याच एखाद्या मुलाला वा मुलीला देखभाल शिकवावी. घरटी थोडी वर्गणी असावी. फुकटचा दिवा विझला तर कोणी विचारीत नाही. वर्गणीचा विझला तर सारा पाडा जमतो.

मंदिराचा जीर्णोद्धार याच न्यायाने झाला. गाभाऱ्यातला हा प्रकाश दूरच्या पाड्यातील लेकरांच्या पुस्तकावरही पडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.