लिंबोणीवरची अळी

नागपूरच्या जुन्या घरांना मागे सांदवाडी असायची. तिथे एक लिंबोणी, गोडलिंब, जमलं तर सीताफळ, आणि मोरीचं पाणी जिरेल तिथे अळूचा वाफा. आता त्या जागी गट्टू बसवतात. झाडायला सोपं जातं, हे कबूल. पण गट्टूवर बुलबुलाने खायचं काय?

लिंबोणीच्या कोवळ्या पानावर पाखराची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसतं. ती लिंबू फुलपाखराची लहान अळी. पक्ष्यांना चकवायचं हे सोंग! मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून शिंगं काढून उग्र वास सोडते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन, २०१५ साली जाहीर झालेलं, तेही लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं.

काटोल-वरुडच्या संत्रा बागायतदाराची गोष्ट वेगळी. नर्सरीतली कोवळी रोपं ही अळी फस्त करते. त्याने फवारणी केली तर त्याला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण घरच्या एका लिंबोणीला कुठे बाजार गाठायचाय? चार फांद्या बोडक्या झाल्या तरी ती पुन्हा फुटते. चिमणी दाणे टिपते खरी, पिलांना मात्र किडे-अळ्याच भरवते. फुलांतला मध पिणारा शिंजीरही तेच करतो. तेव्हा लाकडी घरटं टांगायच्या आधी औषधाचा पंप खाली ठेवा.

उन्हाळ्यात पाणी हवंच. २०१३च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मातीचं पसरट भांडं, दोन बोटं पाणी, सावलीची जागा, पण मांजर दबा धरेल अशा झुडपापासून दूर. आणि रोज घासून पाणी बदला, नाहीतर पाखरांआधी डेंग्यूचे डास वस्तीला येतील.

पालापाचोळा जाळू नका, कुंपणाशी लोटून ठेवा. त्यात गांडुळं, बेडूक, सापसुरळ्या राहतात. दयाळ तिथेच किडे वेचतो. सापांची भीती वाटते? त्यांना ओढून आणतात ते मुख्यतः उंदीर. म्हणून सांडलेले दाणे संध्याकाळी उचला आणि ढीग दारापासून लांब ठेवा.

फ्लॅटवाल्यांनी गॅलरीत गोडलिंबाची कुंडी ठेवावी. पानं कुरतडलेली दिसली की आधी उलटून पाहा. फोडणीपुरती पानं उरतातच.