लंगोट धुणार कोण?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सत्राचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा काहीजणी हसल्या. बाळाचे लंगोट हा काय शिबिराचा विषय झाला? हिंसा, कायदा, रेशन, पाणी यांवर आपण तासन्‌तास बोलतो. पण ज्या कामात बाळंतिणीचे हात दिवसातून पंधरा-वीस वेळा गुंततात, त्या कामाबद्दल आपल्या चळवळीत फारसं बोललं जात नाही. ते काम आहे असंच कोणाला वाटत नाही. म्हणून आज त्याबद्दल बोलू या.

मी समाजकार्यकर्ती म्हणून बाळंतिणींच्या घरी जाते. तिथे हमखास विचारतात, ‘ताई, पाकिटातलं डायपर बरं की कापडाचा लंगोट?’ बाळाच्या कातडीसाठी आणि आपल्या पैशासाठी मऊ सुती कापड उत्तम, हे मी सांगते. पण एवढ्यावर थांबणं अर्धवट होईल.

आधी कापडाचं पाहू. नवं कापड विकत आणायची गरज नाही. जुनं धोतर, वापरून मऊ झालेली सुती साडी, पंचा यांचे हात-सव्वा हात लांबी-रुंदीचे चौकोन कापावेत. नायलॉन, टेरिकॉट नको, ते ओल शोषत नाही. चौकोनाची तिरकी घडी घातली की त्रिकोण होतो. लांब बाजू कमरेखाली आणि टोक पायांकडे ठेवून बाळाला त्यावर निजवायचं. मध्ये दुसऱ्या कापडाची लांबट, तीन-चार पदरी पट्टी ठेवायची. मुलगा असेल तर पट्टीचा जाड भाग पुढे. मग खालचं टोक दोन पायांमधून वर घेऊन बाजूची दोन्ही टोकं त्यावर बांधायची. गाठीखालून आपली दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

दोन गोष्टी विसरू नका. नाळ गळून पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा, म्हणजे नाळ कोरडी राहते. आणि बाळाचे पाय सरळ ओढून कापडात जखडायचे नाहीत. गुडघ्यात वाकलेले, फाकलेले, बेडकासारखे राहू द्यायचे. पाय आवळून बांधले तर खुब्याच्या सांध्याला अपाय होऊ शकतो. ‘पाय वाकडे होतील’ म्हणून घट्ट बांधणाऱ्या आजींना हे प्रेमाने समजावून सांगायचं.

ओला लंगोट लगेच बदलायचा, अंग पाण्याने पुसून कोरडं करायचं आणि रोज थोडा वेळ बाळाला उघडं ठेवायचं. पुरळ आलं आणि दोन-तीन दिवसांत बसलं नाही, किंवा फोड दिसले, तर दवाखाना गाठायचा.

आता धुणं. ‘अंगावर पिणाऱ्या बाळाची शी ती काय’ असं म्हणून ती गटारात टाकली जाते. पण तीतूनही जुलाबाचे जंतू पसरतात. शी संडासातच टाकायची. लंगोट आधी गार पाण्यात खळबळायचा, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबणाने धुऊन पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढायचा, कारण कापडात राहिलेल्या साबणानेही कातडी लाल होते. अधूनमधून उकळायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. पावसाळ्यात घरात दोरी बांधून वाळवावा आणि वर इस्त्री फिरवावी. भिजवलेल्या लंगोटांची बादली झाकून, उंचावर ठेवायची. रांगतं मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडू शकतं. शेवटी आपले हात साबणाने धुवायचे.

आता या सगळ्याची बेरीज करा. पहिल्या महिन्यात दिवसाला वीसेक लंगोट सहज लागतात. त्यांना पाणी किती? नळाला पाणी तासभरच येत असेल तर ते भरायचं कोणी? ज्या बाईला टाके पडले आहेत, रात्रीची झोप नाही, तिनेच उकिडवं बसून हे धुवायचं? की थोरल्या मुलीला शाळा बुडवून बसवायचं? ‘कापडाचे लंगोट स्वस्त’ असं आपण म्हणतो, कारण धुणारीच्या मजुरीचा हिशोब कोणी मांडत नाही.

सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं, पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आहेत. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनी आपलीही नऊ वाचवून घेतली!

म्हणून पाकिटातलं डायपर वापरणाऱ्या बाईला ‘आळशी आई’ म्हणू नका. दोन तासांचा प्रवास करून कामावर जाणारी बाई रात्री एक डायपर बांधून चार तास झोपत असेल, तर ती झोप तिच्या हक्काची आहे. कापड की डायपर हे तिने ठरवावं, सासूने नाही आणि आपणही नाही.

मात्र त्या डायपरचं पुढे काय होतं हेही पाहिलं पाहिजे. त्यात प्लॅस्टिक असतं आणि ओल शोषणारी रासायनिक भुकटी असते. ते कुजत नाही. कचऱ्यातून ते हाताने वेगळं काढणाऱ्याही बहुतेक बायकाच. १९९३ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बायकांनी हा प्रश्न वारंवार मांडला आहे. असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढंच त्यांचं मागणं होतं. म्हणजे हात घालण्याआधी आत काय आहे ते कळतं. डायपर वापरणाऱ्या प्रत्येक घराने एवढं करायलाच हवं.

कापड वापरलं तर कष्ट घरातल्या बाईचे. डायपर वापरलं तर कचरावेचक बाईचे. आणि पैसे देऊन धुऊन घेतलं तर मोलकरणीचे. बाप या हिशोबात कुठे आहे? बाळाला अंगावर पाजणं सोडलं तर असं एकही काम नाही जे बापाला जमणार नाही. लंगोटाची घडी तर दहा मिनिटांत शिकता येते.

तेव्हा माझ्या सूचना अशा. बाळंतिणीच्या बैठकीला नवऱ्यालाही बोलवा आणि घडी त्याच्याच हातून घालून घ्या. सकाळचे लंगोट बापाने धुवायचे हे बाळंतपणाआधीच ठरवून घ्या. बारशाला झबल्या-टोपड्यांच्या ढिगाऐवजी मंडळातर्फे वीस धुतलेल्या लंगोटांचा गठ्ठा द्या. घरकामगार बहिणींनी बाळाचे कपडे धुणं हे वेगळं काम म्हणून त्याचा वेगळा दर मागावा. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आणली. ज्या बायका अशा ठिकाणी कामाला नाहीत, त्यांच्यासाठी वस्तीत पाळणाघर आणि पुरेसं पाणी ही मागणी आपण लावून धरू.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या वस्तीतल्या पाच घरांतली माहिती आणावी. पाणी कोण भरतं, लंगोट कोण धुतं आणि किती वेळ जातो? त्या कागदावरूनच पुढची चर्चा सुरू करू.