सार्वजनिक म्हणजे कुणाचं?

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर गोदीच्या जमिनीत बगीचे, फिरायचे रस्ते होणार म्हणे. २०१४ साली राणी जाधव समिती नेमली, तेव्हापासून ऐकतोय. दारूखान्यातल्या आमच्या पोरांना समुद्र हाकेवर. पण दिसते ती भिंत. बगीचा हवाच.

भीती वाटते ती ‘सार्वजनिक’ या शब्दाची. १९२३ च्या बोले ठरावानं पाणवठे आपल्याला खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कागदावर! ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना जावं लागलं.

याच पट्ट्यात, व्हिक्टोरिया गोदीत, १४ एप्रिल १९४४ ला, भीमजयंतीलाच, फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं. एकाच बोटीत कापूस न् दारूगोळा! ६६ बंबवाले मेले, तो आकडा पक्का. एकूण मेले किती? कुणी ८०० म्हणतं, कुणी १३००. हमालाला मोजतो कोण?

तेव्हा आत्ताच मागा. रे रोड, कॉटन ग्रीन, डॉकयार्ड रोड स्टेशनांतून थेट पाण्यापर्यंत पायवाट. तिकीट नको, वॉचमन नको. आणि दारूखान्यातली झोपडी नकाशात घर म्हणून दाखवा, तिच्यावर हिरवा रंग फासू नका.