एधींच्या घरातली गीता आणि आपल्या वस्तीतली मुलं

(अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरच्या तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय, परदेशातल्या निराधार मुलांसाठी काम करणारी कुटुंबं. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. रोज लोकल पकडतो आणि डेटाबेस सांभाळतो, समाजकार्यातला तज्ज्ञ काही नाही. म्हणून एकाच कुटुंबाबद्दल बोलतो. त्या कुटुंबाच्या दृष्टीने परदेशातलं मूल म्हणजे आपलं मूल होतं, आणि तेही मराठवाड्यातलं.

अब्दुल सत्तार एधी मूळचे गुजरातमधल्या बांटव्याचे, जन्म १९२८चा. फाळणीनंतर ते कराचीला गेले. म्हणजे उल्हासनगरचे आपले सिंधी शेजारी तिकडून इकडे कल्याण कॅम्पात उतरत होते, त्याच काळात हे मेमन कुटुंब इकडून तिकडे गेलं. १९५१ साली एधींनी कराचीच्या मिठादर भागात छोटासा दवाखाना सुरू केला. पुढे तिथे नर्सिंग शिकायला आलेल्या बिल्किसबानूंशी १९६६मध्ये त्यांचा निकाह झाला. त्याही बांटव्याच्याच. बाळंतपणाची खोली, बेवारस मुलं, टाकून दिलेल्या मुली हे सगळं बिल्किसबानूंनी सांभाळलं. आज ते काम मुलगा फैसल पाहतो.

एधी केंद्रांच्या दारात पाळणा असतो. त्यावरच्या पाटीचा मतलब इतकाच की बाळाला मारू नका, इथे ठेवून जा. ठेवणाऱ्याला कुणी नाव विचारत नाही. यावर मौलवींनी बराच गदारोळ केला. अशाने अनौरस संततीला उत्तेजन मिळतं, असं त्यांचं म्हणणं. एधींनी पाळणे काढले नाहीत. ज्यांच्या आईबापांचा पत्ता नव्हता अशा हजारो मुलांच्या कागदावर पालक म्हणून एधींचं नाव लागलं.

याच घरात गीता वाढली. मूकबधिर मुलगी, वय सात-आठ. समझौता एक्स्प्रेसमधून लाहोरला पोहोचलेली ही एकटी पोर तिथल्या रेंजर्सना सापडली आणि शेवटी कराचीला बिल्किसबानूंकडे आली. त्यांनी आधी तिचं नाव फातिमा ठेवलं. नंतर लक्षात आलं की पोर हात जोडते, पाया पडते. मग नाव बदलून गीता केलं आणि केंद्रातच तिच्यासाठी देवांच्या तसबिरी लावून वेगळी खोली करून दिली. पाळणाघराच्या बाईंनी हे कराचीत केलं. मला यात 'सर्वधर्मसमभाव' वगैरे मोठा शब्द वापरावासा वाटत नाही. मूल आपल्याकडे ठेव म्हणून आलंय, आणि ठेव जशी आली तशी परत द्यायची असते. अमानतचा अर्थ दुसरा काय?

जुलै २०१५मध्ये 'बजरंगी भाईजान' आला आणि गीताची गोष्ट पुन्हा चर्चेत आली. सुषमा स्वराज यांनी लक्ष घातलं. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी गीता दिल्लीत उतरली, सोबत बिल्किसबानू आणि फैसल. पंतप्रधानांनी एधी फाउंडेशनला एक कोटी रुपये जाहीर केले. ते फाउंडेशनने आदराने नाकारले. सरकारी पैसा घ्यायचा नाही हा त्यांचा जुना नियम, मग सरकार कुठलंही असो.

इथे बातम्या संपल्या, पण गीताची गोष्ट संपली नाही. बिहारच्या ज्या कुटुंबाचा फोटो तिने ओळखला होता, त्यांच्याशी डीएनए जुळला नाही. ती इंदूरच्या संस्थेत राहिली. आणखी किती कुटुंबं दावा सांगत आली. सांकेतिक भाषेतून तिला आठवत होतं ते एवढंच: स्टेशन, जवळ नदी, उसाची शेतं. २०२१च्या मार्चमध्ये बिल्किसबानूंनी सांगितलं की गीताला महाराष्ट्रात आई मिळाली, तिचं मूळ नाव राधा. पोटावरच्या भाजल्याच्या खुणेवरून आईने ओळखल्याचं त्या वेळी छापून आलं होतं. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०२२ला, बिल्किसबानू गेल्या.

माझ्या धंद्यातला माणूस यात काय बघतो? माया एका बाजूला भरपूर होती. पण हरवलेल्या मुलीची नोंद एका देशात आणि सापडलेल्या मुलीची नोंद दुसऱ्या देशात, आणि दोन्ही नोंदींना जोडणारं काहीच नाही. त्यात मुलगी बोलू शकत नाही. वर्षं त्यात गेली. मायेने मूल जगतं, पण घरी पोहोचायला कागद लागतो.

हे मी आज मुद्दाम काढतोय, कारण आपल्यातल्या काही जणांच्या मनात आहे की जकातीच्या पैशातून इथे एक यतीमखाना काढावा. भावना समजते. पण आधी मे २०२३ आठवा. दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाडला उतरवली गेली. ती मदरशात शिकायला निघाली होती. सोबतच्या पाच जणांवर मानवी तस्करीचा गुन्हा लागला, ते चार आठवडे तुरुंगात राहिले. मुलं बारा दिवस अनोळखी बालगृहांत. पुढच्या वर्षी पोलिसांनी गैरसमजातून गुन्हा नोंदवल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. आपल्याकडे संशयाने पाहिलं जातं ही तक्रार खरी आहे आणि ती मांडलीच पाहिजे. पण म्हणूनच प्रत्येक मुलामागे पालकाचं संमतीपत्र, ओळखपत्र, संस्थेचं पत्र हे आपल्याकडे इतरांपेक्षा जास्त चोख हवं.

बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे बेवारस मूल सापडलं तर २४ तासांत बाल कल्याण समिती, पोलीस किंवा १०९८ला कळवावं लागतं. 'आमच्या खालाने ठेवून घेतलं' हे चालत नाही. नोंदणीशिवाय बालगृह चालवणं गुन्हा आहे. नर्सिंग होममधून परस्पर बाळ दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि बदलापूर आपण विसरलेलो नाही. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला आणि लोक दिवसभर रुळांवर बसले. उद्या आपण संस्था काढली, तर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी कोण करणार? रात्री मुलांजवळ कोण असणार? 'आपलीच माणसं आहेत' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

दत्तकाबद्दल नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात. आपल्या परंपरेत कफाला आहे: मूल वाढवा, पण त्याच्या बापाचं नाव पुसू नका. मालमत्तेत त्याला आपोआप वाटा नाही, पण हयातीत हिबा करता येतो, एक तृतीयांशापर्यंत वसीयतही करता येते. पूर्ण कायदेशीर दत्तक हवं असेल तर तेही खुलं आहे. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. सक्ती कुणावर नाही. दोन्ही वाटा आहेत, घराने बसून ठरवावं.

आता माझा खरा मुद्दा. यतीम म्हणजे ज्याचा बाप गेला ते मूल. आई असतेच बऱ्याचदा. कॅम्प चारच्या खोलीत किंवा बदलापूरच्या चाळीत पापड लाटत, जीन्सचे धागे कापत ती मुलांना वाढवत असते. तिचं मूल तिच्यापासून काढून आपण वसतिगृहात ठेवायचं, वर देणगीदारांसमोर रांगेत उभं करून फोटो काढायचा, याला मी मदत म्हणत नाही. एधींनी दाराशी पाळणा ठेवला तो ज्यांना कुणीच नव्हतं त्यांच्यासाठी.

अशा आईसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे. आई किंवा वडील गेले असतील, सोडून गेले असतील, तलाक झाला असेल, तर १८ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दरमहा २,२५० रुपये. पूर्वी ते १,१०० होते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे, नंतर घरी चौकशी, मग समितीचा आदेश. आधार, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, पासबुक आणि घरासमोर काढलेला कुटुंबाचा फोटो लागतो. यात पैशापेक्षा पायपीट जास्त आहे. रोजावर जाणाऱ्या बाईचा तहसीलच्या एका फेरीत दिवस बुडतो. उत्पन्नाचा दाखला मिळेपर्यंत असे तीन-चार दिवस. जकातीतून त्या बुडालेल्या दिवसांची मजुरी भरून दिली तरी बरंच होईल.

म्हणून आज यतीमखान्याच्या जागेवर चर्चा नको. मी लॅपटॉपवर एक साधा तक्ता केलाय: मूल, आई, शाळा, कुठला कागद कमी आहे, पुढची तारीख. नावं कुणाच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाहीत, तक्ता फक्त दोन बहिणींकडे राहील. उल्हासनगरसाठी तीन जण मिळालेत. बदलापूर पूर्वेसाठी अजून कुणी नाही, आणि अंबरनाथला दुपारी तहसीलमध्ये जाऊ शकेल असा एक जण हवाय. नोकरीवाले आम्ही शनिवारीच मोकळे, आणि तेव्हा तहसील बंद. कोण येतंय, ते चहाच्या आधी सांगा.