जोड तोलामोलाची हवी
(रेडिओवरील भाषण)



शिमगा सरला की आमच्या मुळशी तालुक्यात यात्रांचे दिवस येतात. वळकी नदीच्या काठानं हडशी, वाळेण, कोळवण, नांदगाव, चाले अशी गावं वसली आहेत. त्याला आम्ही कोळवण खोरं म्हणतो. चैत्रात इथली भातखाचरं मोकळी असतात, शेतातली कामं हातावेगळी झालेली असतात आणि पुण्या-मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेली माणसं पालखीला घरी आलेली असतात. रात्री छबिना निघतो, सकाळी तमाशाची हजेरी होते आणि दुपारी उन्हं कलली की हलगी कडाडते. कुस्त्यांचं मैदान भरतं. येत्या चैत्र-वैशाखात गावोगावी ही मैदानं भरतील. त्याआधी पंचमंडळींशी, पालकांशी आणि कुस्तीशौकिनांशी चार गोष्टी बोलाव्यात, म्हणून मी आज आपल्यासमोर आलो आहे.

मधल्या काळात या मैदानांना उतरती कळा लागली होती. पिरंगुटला कारखाने आले, हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, जमिनींचे भाव चढले. पहाटे चारला उठून हौद्यातली माती उकरणारी पोरं कमी झाली. मग कोरोनाच्या काळात तर यात्राच बंद राहिल्या. मल्लांचा खुराक वर्षभर चालू आणि कमाईचे चार महिने कोरडे, अशी अवस्था झाली. आता चित्र पालटलं आहे. मैदानाच्या कडेला पुन्हा पाय ठेवायला जागा नसते. जो येऊ शकत नाही तो परगावी बसून मोबाईलवर कुस्ती बघतो. कुठला मल्ल कुठल्या तालमीचा, त्याचा हुकमी डाव कोणता, हे कॉलेजातली पोरं तोंडपाठ सांगतात.

मुळशीकरांच्या उत्साहाला आणखी एक कारण आहे. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरला 67व्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेची अंतिम कुस्ती झाली आणि मानाची गदा पृथ्वीराज मोहोळ यांनी जिंकली. पृथ्वीराज हे मुठा गावचे. ज्यांच्या नावानं ही गदा दिली जाते ते मामासाहेब मोहोळही त्याच मुठा गावचे. महाराष्ट्रातल्या कुस्तीगिरांना एका परिषदेत बांधण्यासाठी मामासाहेबांनी आयुष्य वेचलं. 1961 साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून या किताबासाठी सांगली, कोल्हापूर, सोलापूर, सातारा, लातूर अशा जिल्ह्यांचे मल्ल झुंजत आले. तो किताब मुळशीच्या मातीत आला, तेव्हा आमच्या खोऱ्यातल्या घराघरांत पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही.

मंडळी, मैदानाकडे परतणाऱ्या लोकांची हीच लाट जगभर आहे. पैशावर लढल्या जाणाऱ्या बॉक्सिंगकडे, म्हणजे व्यावसायिक मुष्टियुद्धाकडे, लोक पुन्हा वळले आहेत. महंमद अली आणि माईक टायसन यांच्या काळानंतर या खेळाची रया गेली होती. त्याचं मोठं कारण घरातलंच होतं. एकाच वजनगटाचे पट्टे वाटणाऱ्या चार वेगवेगळ्या संघटना झाल्या. प्रत्येकीचा विजेता वेगळा, प्रत्येकाचा आयोजक वेगळा आणि प्रत्येक आयोजक आपला मल्ल जपायला बघणार. एक नंबरचा गडी दोन नंबरच्या गड्यासमोर उभाच राहीना. लोकांना कळेना की खरा विजेता कोण, आणि ते उठून गेले. हेवीवेट गटात 1999 साली लेनॉक्स लुईस हा निर्विवाद विजेता झाला. त्यानंतर असा विजेता मिळायला 2024चा मे महिना उजाडला. रियाधमध्ये युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक आणि इंग्लंडचा टायसन फ्युरी समोरासमोर आले, बारा फेऱ्या लढले आणि उसिकनं चारही पट्टे एकत्र आणले. सप्टेंबर 2025 मध्ये लास वेगासला टेरेन्स क्रॉफर्ड आणि कॅनेलो अल्वारेझ यांची लढत झाली. क्रॉफर्ड वजनाचे गट चढून वर आला आणि जिंकला. ती लढत बघायला सत्तर हजारांवर माणसं मैदानात बसली होती. मोठे मल्ल एकमेकांना टाळायचे थांबले आणि लोक परतले.

पण गर्दी जमली म्हणजे लढत चांगली झाली, असं होत नाही. 15 नोव्हेंबर 2024 रोजी अमेरिकेत टेक्सासला एकाच रात्री, एकाच रिंगणात दोन लढती झाल्या. मुख्य लढत होती अठ्ठावन्न वर्षांचा माईक टायसन आणि सत्तावीस वर्षांचा जेक पॉल यांची. दोघांच्या वयात एकतीस वर्षांचं अंतर. नावं मोठी, पैसा अफाट. प्रत्यक्षात टायसन पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थकला, आठ फेऱ्या कशाबशा सरल्या आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याच्या आधीच्या लढतीत आयर्लंडची केटी टेलर आणि पोर्तो रिकोची अमांडा सेरानो उभ्या होत्या. दहा फेऱ्या. सेरानोच्या डोळ्यावर डोकं आदळून खोल जखम झाली, रक्त वाहत होतं, तरी दोघी शेवटच्या क्षणापर्यंत हटल्या नाहीत. टेलर अगदी थोडक्या गुणांनी जिंकली. निकालावर वाद झाला, पण लढत लोकांच्या मनात राहिली. लोक आले टायसनच्या नावावर आणि घरी गेले त्या दोन बायकांचं कौतुक करत. आपल्या भारताचा नीरज गोयतही त्याच रात्री तिथं लढला आणि जिंकला.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच. मैदान टिकतं ते जोडीवर. इनामाचा आकडा माणसाला एकदा ओढून आणतो. दुसऱ्या वर्षी तो येतो ते तोडीस तोड लढत बघायला मिळाली म्हणून.

आणि जोड लावण्याची विद्या आपल्या खेड्यांत पूर्वापार आहे. यात्रेच्या मैदानात ती जवळून बघा. सुरुवातीला रेवड्यांवरच्या कुस्त्या असतात. लंगोट लावलेली आठ-दहा वर्षांची पोरं माती अंगाला फासून कडेला बसलेली असतात. जुना जाणता पंच एकाला दंडाला धरून उठवतो. दुसऱ्याला त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा करतो. आधी उंची बघतो, मग मनगट चाचपतो, मग मान. मांडीवर थाप मारून बघतो. विचारतो, "कुठल्या तालमीचा रं तू? किती दिवस झाले?" मागून कुणाचा तरी वस्ताद ओरडतो, "दादा, ह्यो भरतोय त्याच्यापेक्षा!" पंच हसत नाही, रागावतही नाही. पुन्हा दोघांकडे निरखून बघतो, एकाला बाजूला बसवतो आणि रांगेतून तिसराच उठवतो. या सगळ्याला मिनिटही लागत नाही. त्या मिनिटात एका लहानग्याची हाडं जपली जातात आणि मैदानाची अब्रूही. मोठमोठे आयोजक वकील आणि करारनामे घेऊन जे काम महिनोन् महिने करतात, ते हा पंच डोळ्यानं आणि हातानं करतो.

पण शेवटच्या मोठ्या कुस्त्या ठरतात त्या आधीच, फोनवर. तिथं मात्र अलीकडे नावाला भुलण्याची सवय लागते आहे. एक गाजलेला मल्ल आणायचा, त्याच्यासमोर कोण हे नंतर बघू, असं चालतं. मग लोक पाच तास उन्हात बसतात आणि एक नंबरची कुस्ती दोन मिनिटांत आटोपते, नाहीतर अर्धा तास नुसती खडाखडी होऊन बरोबरीत सोडवली जाते. कधी तर नुरा कुस्तीचा संशय येतो. दोघांनी आधीच ठरवून घेतलेली कुस्ती शौकिनाला कळल्याशिवाय राहत नाही. त्याला फसवलं तर तो परत येत नाही. 1977 साली बेळगावला हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालना हरवलं, ती कुस्ती जुनी माणसं आजही डाव-प्रतिडावासकट सांगतात. तेच बिराजदार पुढं पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवत बसले. निकाली कुस्तीची आठवण अशी पिढ्या पुरते.

निकालाचंही तसंच. अहिल्यानगरच्या त्याच स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून वाद पेटला आणि दोन मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. मल्लाच्या उमेदीची तीन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. वाद कितीही पेटला तरी पंचावर हात टाकणं कधीच खपवून घेता येणार नाही. पण पाठ टेकली की नाही हे दोन-तीन बाजूंच्या कॅमेऱ्यांतून बघण्याची सोय गावच्या मैदानातही आता अवघड राहिलेली नाही. 2017च्या ऑगस्टमध्ये मुंबईत वरळीला विजेंदर सिंगनं चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला दहा फेऱ्यांनंतर हरवलं, तेव्हा तीन पंचांनी आपापले गुण वेगवेगळे लिहिले होते. दोघांच्या कागदावर फरक एकेका गुणाचा होता, तरी ते गुण सगळ्यांसमोर वाचून दाखवले गेले. निकाल उघड्यावर लागला की हरणाऱ्यालाही तो मान्य करणं सोपं जातं.

आता मल्लाकडे बघू. बॉक्सिंगमध्ये लढतीआधी दोघांचं वजन काट्यावर होतं, रिंगणाशेजारी डॉक्टर बसतो आणि डोक्याला मार लागून कुणी कोसळला तर ठरावीक दिवस त्याला पुन्हा लढू देत नाहीत. आपल्याकडे कोवळा पठ्ठ्या आज एका गावात गुडघा दुखावून घेतो आणि उद्या दुसऱ्या गावात पट्टी बांधून उतरतो, कारण दूध, तूप, बदाम यांचा खर्च घरच्यांनी कर्ज काढून केलेला असतो. यात्रा कमिट्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मोठ्या कुस्त्यांना वजनकाटा ठेवा. डॉक्टर आणि रुग्णवाहिका ठेवा. इनाम त्याच दिवशी, मैदानातच मल्लाच्या हातात द्या. आणि शेवटच्या एका कुस्तीवर सगळी वर्गणी उधळण्यापेक्षा मधल्या पन्नास कुस्त्यांची इनामं वाढवा. उद्याचा महाराष्ट्र केसरी त्या पन्नासांतून येणार आहे.

मुलींच्या कुस्त्याही मानानं लावा. 2023 साली सांगलीला महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी पहिल्या मानकरी ठरल्या. आमच्या भागातही मुली तालमीत जाऊ लागल्या आहेत. त्यांना हौसेपुरती एक कुस्ती देऊन भागणार नाही. त्यांच्याही वजनाप्रमाणे, वयाप्रमाणे जोड्या लावल्या पाहिजेत, आणि इनाम मुलांच्या बरोबरीनं दिलं पाहिजे.

शौकिनांनाही एक सांगणं आहे. आपण बहुतेक जण मोठी कुस्ती लागायच्या वेळी मैदानात येतो. यंदा रेवड्यांच्या कुस्तीपासून या. पहिल्यांदाच आखाड्यात उतरलेल्या पोराला टाळी द्या. चांगली लढून हरलेल्यालाही खिशातून दहा-वीस रुपये बक्षीस द्या. जोड विजोड वाटली तर पंचांना तिथंच, सभ्यपणे, पण मोठ्यानं सांगा. ठरवून केलेली कुस्ती दिसली तर टाळी वाजवू नका. जाणत्या प्रेक्षकांसमोर पंचही चोख राहतो आणि मल्लही जीव ओतून लढतो. मुळशीला गदा मिळाली आहे, गर्दीही परत आली आहे. आता तिला सच्च्या कुस्त्या दाखवणं आपल्या हातात आहे, आणि त्याची सुरुवात याच चैत्रात, आपापल्या गावच्या मैदानात करूया.