सूर्यग्रहण, डोळे आणि धातूचा पातळ थर



धातू अपारदर्शक असतो, ही समजूत पुरेशा जाडीपुरतीच खरी आहे. सोन्याचा अतिशय पातळ वर्ख उजेडासमोर धरल्यास त्यातून हिरवट प्रकाश पार होतो. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये याचा सविस्तर अभ्यास मांडला. सूर्यग्रहणाचे काही चष्मे याच गुणधर्मावर आधारलेले असतात.

निर्वात पेटीत अ‍ॅल्युमिनियम तापवून त्याची वाफ केली जाते आणि ती प्लॅस्टिकच्या पातळ पटलावर जमू दिली जाते. हा थर मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका असतो. बराचसा प्रकाश तो परत फेकतो, थोडा शोषतो आणि अत्यल्प पुढे सोडतो. आयएसओ १२३१२-२ या मानकानुसार पार होणारा दृश्य प्रकाश ०.००३२ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. डोळ्यांना न दिसणारे अतिनील व अवरक्त किरणही अडले पाहिजेत.

खरा धोका येथेच आहे. काजळी धरलेली काच, क्ष-किरणांची फिल्म किंवा साधा काळा चष्मा यांतून सूर्य मंद दिसतो; परंतु घातक किरण आत जाऊ शकतात. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत. त्यामुळे इजा होत असताना मुलाला ती कळतही नाही.

परळच्या भोईवाड्यासारख्या दाट वस्तीत, एका चष्म्याभोवती दहा मुले जमतात, तेथे ही दक्षता विशेष आवश्यक आहे. वेल्डिंगची काच वापरायची झाल्यास ती १४ क्रमांकाचीच असावी. चष्म्यावर ओरखडा वा छिद्र आढळल्यास तो टाकून द्यावा. तो लावून दुर्बिणीतून कदापि पाहू नये. चष्मा नसेल तर पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून, सूर्याकडे पाठ करून, कागदावर पडणारी प्रतिमा पाहावी. यास खर्च नाही आणि सारा वर्ग ती एकत्र पाहू शकतो.

१६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात अनेकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. भय आणि बेफिकिरी, दोन्ही टाळता येतात. सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर, ढगांनी साथ दिल्यास, मुंबईतून खंडग्रास ग्रहण दिसेल. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी त्याची तयारी आधीच केली, तर मुलांना विज्ञानाचा एक धडा मिळेल आणि त्यांची दृष्टीही सुरक्षित राहील.